‘येतो’ म्हणताना

घरातून निघताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही. चपला पायात सरकवताना चुकून ‘जातो मी’ निघालंच, तर स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘जातो म्हणू नये, येतो म्हणावं.’ हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ‘येतो’त येण्याचं क्रियापद आहे, हे आपल्या लक्षातही राहत नाही. आपल्या लेखी तो निरोपाचा शब्द आहे आणि ऐकणाराही तो तसाच घेतो. ‘येतो’ म्हणून गेलेल्या पाहुण्यासाठी दुसऱ्या दिवशी कुणी जास्तीचं ताट मांडत नाही.

हाच शब्द परक्या भाषेत गेला की त्याचं वचन होतं.

नाशिकच्या एखाद्या ख्रिस्ती मंडळीतून चार-सहा जण मोंबासाच्या आसपास, केनियाच्या किनाऱ्यावर, महिनाभराच्या सेवेला गेलेत असं धरा. शेवटच्या रविवारी उपासना संपते. चर्चच्या अंगणात सगळे उभे असतात, गळे दाटून आलेले असतात, आणि पथकातलं कुणीतरी म्हणतं, ‘बरं, येतो आम्ही.’ शेजारचा ते इंग्रजीत सांगतो, तिथला दुभाषी इंग्रजीतून स्वाहिलीत नेतो, आणि मुलांच्या कानावर पडतं, ‘तुताकुजा’. आम्ही येऊ. मुलं ताबडतोब विचारतात, ‘लिनी?’ कधी?

या ‘लिनी’ला कुणापाशीच उत्तर नसतं. मग घाईत ‘लवकरच’ म्हटलं जातं, आणि गाडी निघते. पुढे वर्षभर त्याच प्रश्नाला तोंड द्यावं लागतं ते तिथल्या संडे स्कूलच्या शिक्षिकेला.

मिशन सेवेला निघणारी पथकं पाठांची, गाण्यांची, औषधपेटीची तयारी कसोशीने करतात. निरोपाची तयारी मात्र राहून जाते, कारण तो शेवटच्या संध्याकाळी आपोआप होईल असं सगळे धरून चालतात. तो आपोआप होत नाही. महिनाभर केलेलं काम आपल्यामागे टिकणार की विस्कटणार, हे बरंचसं निघण्याच्या रीतीवर ठरतं, आणि त्या रीतीची सुरुवात पहिल्याच आठवड्यात करावी लागते.

नाशिककरांना मोंबासा तसा परका नाही. शरणपूर रोडने आपण रोज ये-जा करतो. ते शरणपूर १८५४च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांनी वसवलं. गुलामांची वाहतूक करणाऱ्या गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबई बंदरात उतरवली जात, आणि त्यांतली बरीच शरणपूरला आणली जात. इथे ती लिहाय-वाचायला शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. १८६६ साली मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेतल्या शेवटच्या प्रवासाला निघाले तेव्हा या शाळेतले नऊ जण त्यांच्यासोबत होते. पुढे १८७२ मध्ये त्यांच्या मदतीला गेलेल्यांत जेकब वेनराइट होता, तोही नाशिकचाच विद्यार्थी. १८७४-७५ मध्ये मोंबासासमोरच्या किनाऱ्यावर, मुक्त केलेल्या गुलामांसाठी, फ्रिअर टाउन वसवलं गेलं. शरणपूरचे मिशनरी विल्यम साल्टर प्राइस त्या कामासाठी तिकडे गेले, आणि इथले अनेक आफ्रिकन ख्रिस्तीही गेले. तिथली जुनी घंटा अजून उभी आहे. घंटेला स्वाहिलीत ‘केंगेले’ म्हणतात आणि त्या चौकाचं नावच केंगेलेनी पडलंय.

शरणपूरहून गेलेल्या त्या माणसांच्या हाती परतीचं तिकीट नव्हतं. त्यांना निरोप देताना नाशिकच्या मंडळीने काय म्हटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. ‘येतो’ म्हणणं त्यांना कितपत जमलं असेल? आणि ज्या किनाऱ्याकडे ते निघाले होते तो तरी त्यांचं घर कुठे होता? लहानपणी कुठल्या कुठल्या गावांतून पळवून आणलेली ती माणसं. मोंबासाही त्यांच्यासाठी परदेशच होता.

वेनराइटची एक गोष्ट सेवेला जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. १८७३च्या मे महिन्यात, आजच्या झांबियात, लिव्हिंग्स्टन वारले. सुसी आणि चुमा या त्यांच्या जुन्या सोबत्यांनी सगळ्या माणसांना एकत्र बोलावलं, सगळ्यांच्या देखत पेट्या उघडल्या, आणि लिहिता येणाऱ्या जेकबला एकेका वस्तूची यादी करायला सांगितली. आपल्यामागे कुणी कुणावर बोट ठेवू नये म्हणून. मग त्याने अंत्यविधीची प्रार्थना वाचली, झाडावर नाव-तारीख कोरली, आणि ती सारी माणसं देह खांद्यावर घेऊन कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत आली. १८ एप्रिल १८७४ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत देह पुरला गेला तेव्हा जेकब तिथे हजर होता. एवढ्या दुःखात, आधी यादी. मला हे फार मोलाचं वाटतं.

बायबलमधला एक सविस्तर निरोपही असाच आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २०. इफिसच्या मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, पौल मिलेताला बोलावून घेतो. आपण त्यातलं रडणं आणि गळ्यात पडणं तेवढं लक्षात ठेवतो, पण त्याच्या बोलण्याचा मोठा भाग हिशेबाचा आहे: तीन वर्षं मी काय केलं, कुणाच्या सोन्याचा, रुप्याचा, वस्त्राचा लोभ धरला नाही, माझ्या गरजा माझ्याच हातांनी भागवल्या, आता कळप तुम्ही सांभाळा. आणि माझं तोंड तुम्हाला पुन्हा दिसणार नाही, हेही तो सरळ सांगतो. त्यांना सर्वांत जास्त दुःख त्याच वाक्याचं झालं, असं पुढे लिहिलंय. तरी त्याने ते मऊ केलं नाही. लगेच पुढच्या अध्यायात सोर इथला निरोप येतो. तिथे मुक्काम अवघ्या सात दिवसांचा, पण बायका-मुलांसकट सगळी मंडळी गावाबाहेर आली आणि किनाऱ्यावर गुडघे टेकून प्रार्थना झाली. तीन वर्षांच्या ओळखीला आणि सात दिवसांच्या ओळखीला, दोन्ही वेळा गुडघेच टेकले गेले. महिना या दोन्हींच्या मधला. ‘एका महिन्यात असं किती नातं जडणार’ असं म्हणणाऱ्यांनी सोर वाचावं.

आता कामाचं.

महिन्याचे चार आठवडे मुलांच्या वर्गापुरते असे वाटावेत. पहिल्या आठवड्यात आपण शिकवावं आणि तिथल्या शिक्षिकेने पाहावं. दुसऱ्यात दोघांनी मिळून, गोष्ट आपली आणि गाणं तिचं, किंवा उलट. तिसऱ्यात तिने शिकवावं, आपण साहित्य पुरवावं. चौथ्यात आपण मागच्या बाकावर. हे ऐकायला सोपं आहे आणि पाळायला अतिशय अवघड, कारण चौथ्या आठवड्यातच आपल्याला मुलांची नावं तोंडपाठ झालेली असतात, दहा-बारा स्वाहिली वाक्यं येऊ लागलेली असतात, आणि वर्ग रंगात आलेला असतो. तेव्हाच मागे बसायचं. बहुतेक पथकं इथेच चुकतात. शेवटचा दिवस सगळ्यांत मोठा करतात: नाटक, फुगे, खाऊ, नाच. मग पुढच्या रविवारी तीच शिक्षिका एकटी, एका खडूनिशी, त्याच पन्नास मुलांपुढे उभी राहते, आणि मुलांना तिचा वर्ग फिका वाटतो. शेवटचा वर्ग साधा असावा. इतका साधा की पुढच्या रविवारचा वर्ग तसाच झाला तर मुलांना फरक कळू नये.

लहान मुलांना ‘अजून अकरा दिवस’ म्हणजे काय ते कळत नाही. त्यांना दिसेल असं काही हवं. एक उपाय चिंचोक्यांचा. चिंच त्या किनाऱ्यावरही आहे, स्वाहिलीत तिला ‘उक्वाजू’ म्हणतात. पहिल्या दिवशी एका वाटीत जितके दिवस राहणार तितके चिंचोके मोजून ठेवायचे, अठ्ठावीस तर अठ्ठावीस, आणि मोजायचे मुलांकडूनच. रोज एका मुलाने एक चिंचोका काढून दुसऱ्या वाटीत टाकायचा. आठवडाभर त्यात नुसती गंमत असते. पंधराव्या दिवसाच्या आसपास एखादं पोर दोन्ही वाट्या शेजारी-शेजारी धरून बघतं, आणि गप्प होतं. ती गप्प होण्याची वेळ आपण तिथे असताना यावी, यासाठीच हा सगळा खटाटोप. ‘मग तुम्ही नसणार?’ हे विचारायला समोर माणूस असतं, आणि ‘हो, नसणार. तुमच्या टीचर असतील,’ हे उत्तर द्यायला दोन आठवडे मिळतात. शेवटच्या दिवशी एक वाटी रिकामी झालेली असते आणि दुसरी भरलेली. भरलेली मुलांना द्यावी. चिंचोक्यांचे खेळ आपल्याला माहीत आहेत. तिकडे ‘बाओ’ हा बियांनी खेळायचा पटाचा खेळ घरोघर चालतो.

वाटीतून एखादा चिंचोका गुपचूप परत मागे टाकणारं मूल निघतंच. ओरडू नये. त्याला जवळ घेऊन पुन्हा मोजावं.

मुलांच्या वसतिगृहात किंवा अनाथाश्रमात सेवा असेल तर जास्तच सांभाळायला हवं. आल्या दिवशीच जे मूल मांडीवर येऊन बसतं ते आपल्यावर फार प्रेम करतं असं आपण समजतो. पुष्कळदा त्याचा अर्थ असा की त्या मुलाच्या आयुष्यात माणसं येत राहिली आणि जात राहिली. अशा आश्रमांत महिन्या-महिन्याला बदलणाऱ्या पाहुण्यांनी मुलांना कडेवर घेऊन लळा लावू नये, असं मुलांचं संगोपन जाणणारे लोक बरीच वर्षं सांगत आलेत. तिथे आपले हात कायम राहणाऱ्या मावशींच्या मदतीला लावावेत. कपडे धुणं, भाजी निवडणं, खिडक्यांना जाळ्या बसवणं. मुलांनी मावशींनाच बिलगावं, आणि आपण निघून गेलो तरी त्यांची मिठी सुटू नये.

आता पैशाचं बोलतो, कारण निरोप सर्वांत जास्त इथे नासतो. आपल्याकडे पाहुणा निघताना घरातल्या पोराच्या मुठीत नोट कोंबतो, ‘खाऊला ठेव’ म्हणतो. आपल्या घरात ते शोभतं, कारण उद्या ते पोर आपल्या घरी येतं तेव्हा त्याच्या आईकडून आपल्या पोरालाही तसंच मिळतं. मोंबासात ही देवाणघेवाण होणार नसते. गाडीत बसता बसता एका मुलाच्या हातात शंभर शिलिंगची नोट दिली, तर बाकीच्या सातांनी ती पाहिलेली असते. संध्याकाळी त्यावरून दोन घरांत बोलाचाली होते, आणि पुढचं पथक येतं तेव्हा अंगणात पहिला शब्द ऐकू येतो ‘पेसा’. शब्द आपलाच आहे, पैसा. हिंदी महासागर ओलांडून तिकडे गेलाय. मुलं तो वाईट हेतूने उच्चारत नाहीत. ते आपण शिकवलेलं असतं.

म्हणून नियम एकच: कुणाच्याही हातात रोख नाही. द्यायचं ते चर्चच्या खजिनदाराकडे, दोन वडिलांसमोर, पावती घेऊन. केनियात २००७पासून एम-पेसा आहे आणि भाजीवालीपासून दानार्पणापर्यंत पैसे मोबाईलवर फिरतात, त्यामुळे ‘माझ्याच नंबरवर टाका, मी देतो’ असं कुणीतरी म्हणणारच, आणि ते बहुतेक वेळा मनापासून म्हणेल. तरी वैयक्तिक नंबरवर टाकू नये. पाळकसाहेबांच्या खासगी नंबरवर गेलेला पैसा दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या पैशाविषयी मंडळीत कुजबुज सुरू होते. ती थांबवायला आपण तिथे नसतो, त्याचा भार त्या सज्जन माणसावर पडतो.

निघण्याच्या तीन दिवस आधी, शेवटच्या रात्री नव्हे, हिशेबाची बैठक घ्यावी. वहीत तीन रकाने: काय आणलं, काय वापरलं, काय ठेवून चाललो. जेकबची यादी डोळ्यांपुढे ठेवावी. शिलाई मशीनपासून उरलेल्या खडूंच्या खोक्यांपर्यंत सगळं त्यात यावं, प्रती दोन, सह्या दोन्हीकडच्या. किल्ल्या त्याच बैठकीत परत. किल्ली खिशातच राहून थेट नाशिक रोडला उतरणं हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त घडतो, आणि तिकडे मग कुलूप तोडावं लागतं.

औषधांची यादी वेगळी. आपल्या गोळ्यांच्या पाकिटावरची भारतीय कंपन्यांची नावं तिथल्या नर्सला ओळखीची असतीलच असं नाही, म्हणून प्रत्येक औषधाचं मूळ नाव, ताकद, मुदत संपण्याचा महिना आणि उरलेली संख्या लिहावी: पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, इतक्या गोळ्या. जवळच्या दवाखान्यातली नर्स हो म्हणाली तरच तिच्याकडे द्यावीत. मुदत संपत आलेली औषधं, अर्धवट वापरलेली सिरपं आणि अँटिबायोटिक घरोघर वाटून येणं ही सेवा नव्हे, त्यातून लोक आजारी पडतात.

‘फोटो पाठवतो’ हे निरोपाच्या वेळचं सर्वांत जास्त मोडलं जाणारं वचन. ते देऊच नये. शेवटच्या आठवड्यात मोंबासातल्याच एखाद्या फोटोच्या दुकानात जाऊन तीस-चाळीस फोटो छापून घ्यावेत. प्रत्येक घराला एक, सगळ्यांच्या एकत्र गटाचा एक मोठा चर्चच्या भिंतीसाठी. मागे नावं तिथल्याच लोकांकडून लिहून घ्यावीत, म्हणजे स्पेलिंग चुकत नाही. ज्या आजीबाईंकडे स्वतःचा एकही छापील फोटो नसतो त्या तो दोन्ही हातांत धरतात, लांब नेऊन बघतात, मग पदरासारख्या कापडात गुंडाळून ठेवतात. आपण आणलेल्या साऱ्या भेटींपेक्षा ते मोठं असतं. मुलांचे फोटो मात्र फेसबुकवर टाकायचे नाहीत. आईवडिलांना विचारलं असलं तरी, ‘पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं’ म्हणून त्यांनी हो म्हटलेलं असू शकतं.

आपल्याकडून भेट द्यायची तर सगळ्या मंडळीला मिळून एक. टाळांच्या दोन जोड्या उत्तम. मराठी ख्रिस्ती उपासनेत नारायण वामन टिळकांच्या काळापासून भजन-कीर्तन रुजलंय, टाळ आपल्या भक्तीचं वाद्य आहे, सामानात फार जागा घेत नाही, आणि किनाऱ्यावरच्या लोकांच्या ‘कायाम्बा’बरोबर, बोरूच्या काड्यांच्या त्या चपट्या खुळखुळ्याबरोबर, झकास जमतं. पहिल्या आठवड्यात द्यावेत म्हणजे शेवटच्या रविवारी ते तिथल्या गायकांच्या हातात तयार असतील. शिकवलेल्या गाण्याचे शब्द रोमन अक्षरांत लिहून, खाली स्वाहिलीत अर्थ लिहून द्यावा. भेटी कॅरीबॅगमध्ये घालून नेऊ नयेत: २८ ऑगस्ट २०१७पासून केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबर. दादरच्या किंवा मेन रोडच्या कापडी पिशव्या न्याव्यात, त्या मागेही ठेवता येतात.

निरोपाची उपासना लांबते. लांबू द्यावी. तरुण संघ गातो, महिला मंडळ गातं, प्रत्येक वडील दोन शब्द बोलतात आणि ते दोन राहत नाहीत. पथकातर्फे मात्र एकानेच बोलावं, मराठीत विचार करून, इंग्रजीत लिहून, पाच मिनिटांचं. दुभाष्यामुळे पाचाची दहा होतात. सुरुवात ‘ब्वाना असिफिवे’ने करावी, प्रभूची स्तुती असो, समोरून ‘आमेन’सारखं ‘अमिना’ येतं आणि मग बोलायला धीर येतो. पहिले आभार स्वयंपाक करणाऱ्या बायांचे आणि रात्री फाटकावर बसणाऱ्या माणसाचे, नाव घेऊन, नावाचा उच्चार आदल्या दिवशी घोकून. वयस्कर माणसांजवळ जाऊन ‘शिकामू’ म्हणावं. ‘तुमचे पाय धरतो’ असा त्याचा मूळ अर्थ सांगतात, आणि ‘पाया पडतो’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो शिकवावा लागत नाही. उत्तर येतं, ‘मराहाबा’.

मग बायका कांगा घेऊन येतात. केनियाच्या किनाऱ्यावर तिला लेसोही म्हणतात. हे कापड जोडीने मिळतं, एकाला एक लागून, दोन सारखे तुकडे, मधे न कापलेले. एक तुकडा साधारण दीड मीटर लांब आणि एक मीटर रुंद. घरी आणून कापून कडा शिवायच्या, मग एक कमरेला आणि एक खांद्यावर किंवा डोक्यावर. चारी बाजूंनी रुंद काठ, त्याला ‘पिंडो’ म्हणतात. मधला भाग ‘म्जी’, म्हणजे गाव. आणि त्या गावात, खालच्या बाजूला, एका चौकटीत छापलेली एक ओळ: म्हण, आशीर्वाद, कधी टोमणासुद्धा. त्या ओळीला ‘जिना’ म्हणतात, नाव. कांगा निवडताना रंगाआधी ही ओळ वाचली जाते, म्हणजे जिने ती आणली तिला आपल्याला काहीतरी सांगायचंय. म्हणून कांगा खांद्यावर आली की घडी घालून पिशवीत कोंबू नये. ती उलगडावी, ओळीवर बोट ठेवावं आणि देणारीलाच वाचायला सांगावं. ती वाचते, हसते, शेजारच्या बाया हसतात, दुभाषी अर्थ सांगायला जरा वेळ घेतो. आपल्याकडे लेकीची पाठवणी साडी देऊन करतात, त्यातलं हे आहे. उपासना संपेपर्यंत ती अंगावर राहू द्यावी, पुरुषांनीसुद्धा.

आणि मग तो शब्द. स्वाहिलीत निरोपाला ‘क्वाहेरी’ म्हणतात, अनेकांना मिळून ‘क्वाहेरिनी’. ‘हेरी’ मूळ अरबी. आपल्या ‘खैर’चं तेच घर. क्वाहेरी म्हणजे खुशालीने, कुशलाने. हाच शब्द मराठी पथकाने पाठ करावा आणि आपल्या तोंडाने म्हणावा, दुभाष्याला मधे न घेता. लोक त्यावर ‘तुताओनाना’ म्हणतात, भेटूच, आणि बरेचदा पुढे ‘मुंगू अकिपेंडा’ जोडतात, देवाची इच्छा असेल तर. याकोबाच्या पत्रात चौथ्या अध्यायात हेच सांगितलंय. पण लहान मुलांना त्यातलं फक्त ‘भेटू’ ऐकू येतं, म्हणून मुलांना वेगळं, खाली बसून, त्यांच्या डोळ्यांत बघत सांगायचं: ‘आम्ही उद्या घरी जाणार. परत येऊ की नाही ते ठाऊक नाही. तुमच्यासाठी प्रार्थना करू.’ हे म्हणताना आवाज कापला तरी चालेल. वाक्य बदलू नये.

निरोप चर्चच्या फाटकाशीच संपवावा. विमानतळावर सगळ्या मंडळीला नेणं म्हणजे दोन मटाटूंचं, म्हणजे तिथल्या मिनीबसचं, भाडं आणि गर्दीत अर्धवट राहिलेली मिठी. किनाऱ्याच्या दक्षिण बाजूला मुक्काम असेल तर वाटेत लिकोनीची फेरीबोट लागू शकते आणि तिथे रांगेत किती वेळ जाईल सांगता येत नाही. दोन तास जास्तीचे धरावेत. पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड हातातल्या पिशवीत. केनियाहून येणाऱ्यांना मुंबईत ते दाखवावं लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस टोचल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं आणि जन्मभर चालतं. कार्ड मोठ्या बॅगेत गेलं की बॅग मिळेपर्यंत रांगेत घाम फुटतो.

घरी आल्यावर निरोप संपत नाही. हिवतापाच्या गोळ्याही संपत नाहीत, हे आधी सांगतो. डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर परतल्यावर चार आठवडे घ्यायची, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर सात दिवस. कसारा घाट चढून आल्यावर ‘आता काय, नाशिकला पोचलो’ म्हणून लोक त्या बंद करतात, आणि पंधरा दिवसांनी थंडी वाजून ताप भरतो. त्यानंतरच्या काही महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात आफ्रिकेहून आल्याचं सांगायचं.

पहिल्या रविवारी मंडळीपुढे साक्ष, म्हणजे अनुभवकथन, द्यावी लागते. मंडळी उत्सुक असते, आणि बोलणाऱ्याच्या तोंडून सहज निघतं, ‘त्या बिचाऱ्यांकडे काहीच नाही हो.’ हे ऐकवत नाही. ज्यांनी महिनाभर आपल्याला जेवू घातलं, ज्यांच्या खाटेवर आपण झोपलो, त्यांच्याकडे काहीच नव्हतं? साक्ष देताना तिथले पाळक आणि स्वयंपाक करणाऱ्या त्या बाई पहिल्या बाकावर बसल्यात असं समजावं. दोन पानांचा अहवाल पंधरा दिवसांत लिहावा, आणि त्याची एक प्रत त्यांनाही पाठवावी.

पत्रव्यवहाराचं काम एकावर सोपवावं. सहा जणांनी सहा घरांशी रोज व्हॉट्सॲपवर बोलायचं ठरवलं की तिसऱ्या महिन्यात सहाही जण थंडावतात, आणि तिकडे सहा घरं वाट बघतात. त्यापेक्षा महिन्यातून एकदा फोन, वार आणि वेळ ठरलेली, चर्चच्या ओट्यावर सगळ्यांसाठी. केनिया आपल्या अडीच तास मागे आहे: नाशिकला संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिकडे पाच. मात्र स्वाहिली घड्याळ सकाळच्या सहाच्या उगवतीपासून तास मोजतं, सात वाजले की त्यांचा एक, त्यामुळे आपले पाच ते अकरा म्हणतात. हे आधी बोलून घेतलं नाही तर पहिल्याच महिन्यात ते रात्री अकराला ओट्यावर बसतात आणि इकडे आपला फोन पाचला लागून बंद झालेला असतो. वेळ त्यांच्याच शब्दांत लिहून, फोटो लावलेल्या भिंतीवर चिकटवून यावं. म्हणजे मुलांनी ‘लिनी?’ विचारलं की शिक्षिका बोटाने दाखवू शकते: महिन्याचा पहिला जुमामोसी, सा कुमी ना मोजा. पहिला शनिवार, अकरा वाजता.